शेवटच्या दोन मात्रा

मिस्टर एल्सींचा तो तुकडा वाजवायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागतात. हे मी घड्याळ लावून मोजलेलं आहे, कारण आमच्या एका व्हिकरना, म्हणजे चर्चच्या पाद्रींना, तो फार लांब वाटायचा. ते व्हिकर बदली होऊन गेले, तुकडा राहिला.

प्रील्यूड म्हणायचं त्याला. चर्चची घंटा थांबली की प्रार्थना सुरू होईपर्यंत ऑर्गनवर वाजवायचा, म्हणजे व्हिकरना आपल्या जागेवर येऊन उभं राहायला वेळ मिळतो आणि लोकांना खोकून घेता येतं. हा कधी छापला गेला नाही. आमच्या सॉल्टर्बी गावाच्या बाहेर तो कुणाला माहीत नाही, आणि माहीत असता तर लोकांनी विचारलं असतं, यात आहे काय एवढं? खरंच, फारसं काही नाही. डाव्या हातात एक साधी चाल, हात मागे बांधून कालव्याच्या कडेने फिरणाऱ्या माणसासारखी. उजवा हात वरून तिला हलकेच सोबत करतो. मध्यावर नळ्यांच्या पेटीच्या झडपा उघडतात, आवाज भरून येतो, आता हा काहीतरी मोठं बोलणार असं वाटतं, आणि नेमका तिथेच तो संकोचतो, दोन पावलं मागे येतो आणि मघाचीच चाल पुन्हा हळू आवाजात सांगायला लागतो. आमच्या लिंकनशर परगण्यातली माणसं अशीच. मागणी घालायला आलेला माणूस तासभर बटाट्याच्या पिकाबद्दल बोलतो आणि टोपी उचलून घरी जातो. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं, म्हणून मी अजून मिस टनार्डच आहे.

या तुकड्याचा शेवट मात्र नीट सांगायला हवा. शेवटी दोन्ही हात डी मेजरच्या सुरांवर येऊन थांबतात, चार मात्रा. तिसऱ्या मात्रेला डावा पाय पायांनी वाजवायच्या पट्ट्यांतल्या अगदी खालच्या डी या सुरावर जातो. मग हात उचलायचे, आणि तो खर्ज एकटाच आणखी दोन मात्रा राहतो. कागदावर असं आहे. पण हा शेवट १९८७च्या सप्टेंबरपर्यंत सॉल्टर्बीत कुणाच्याही कानावर पडलेला नव्हता, कारण ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराची वेगळी नळी असते, आणि त्या डीची नळी मुकी होती.

झालं असं होतं की १९२९च्या हिवाळ्यात चर्चच्या छपरातून पाणी गळलं आणि ते बरोबर त्या एका नळीत उतरलं. माणसापेक्षा उंच लाकडी नळी ती, फुगली आणि उभी चिरली. वारा भरला की नुसती फुसफुसायची. तेव्हा चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्या मिस्टर एल्सींचं बाजारात बियाण्यांचं दुकान होतं. त्यांनी दुकानातून एक रिकामं पोतं आणलं, त्याचा बोळा करून तिच्या तोंडात कोंबला आणि दुरुस्ती पुढच्या वर्षी करू म्हणाले. पुढचं वर्ष आमच्याकडे अठ्ठावन्न वर्षांनी उजाडलं.

आणि गंमत म्हणजे तो तुकडा त्यांनी लिहिला १९३१ साली, नळी मुकी झाल्यावर. गाणाऱ्या मंडळींनी त्यांना सांगून पाहिलं म्हणे, की अहो, अर्धा सूर वर, ई फ्लॅटमध्ये लिहा, ती नळी धडधाकट आहे. त्यांनी ऐकलं नाही. चर्चची शेवटची घंटा साधारण डीमध्ये वाजते, तिच्यातूनच तुकडा निघाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून डी तर डी.

हे सगळं माझ्या आधीचं. मी त्यांच्याकडे ऑर्गन शिकायला गेले ती १९४९ साली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, पोस्टाच्या खिडकीवर तिकिटं विकत होते आणि घरच्या पियानोवर इतकं बरं वाजवत होते की आईला वाटायचं, पोरगी वाया चालली आहे. मिस्टर एल्सी उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात नेहमी कसल्यातरी बिया. बाकावर त्यांच्या शेजारी बसून मी त्यांची पानं उलटायची आणि आवाज बदलणाऱ्या खुंट्या ओढायची. पहिल्याच रविवारी मी पाहिलं की शेवटच्या ओळीत त्यांचा डावा पाय त्या मुक्या पट्टीवर गेला, पूर्ण वेळ दाबून राहिला आणि मगच उचलला गेला.

प्रार्थना संपल्यावर मी विचारलं, "ती वाजत नाही ना?"

"नाही वाजत."

"मग दाबता कशाला?"

"लिहिलंय म्हणून."

"पण ऐकू तर कुणालाच येत नाही, मिस्टर एल्सी."

"मिस टनार्ड, मी वाजवणारा आहे. वाजवायचं काम माझं. ते झालं की मी घरी जातो."

एवढं बोलून ते खरंच घरी गेले. खुंट्या मला आत ढकलाव्या लागल्या.

पण पाय दाबून ते तेवढ्यावर थांबत नव्हते. हात उचलल्यावर त्या दोन रिकाम्या मात्रांत ते तो डी स्वतःच्या घशातून काढायचे. तोंड मिटून, हळू, हनुवटी गळ्यात खुपसून. त्यांना ते कळत होतं की नाही कोण जाणे. मी हातभर अंतरावर बसलेली, मला ऐकू यायचं. आणि ऑर्गनच्या बाजूच्या पहिल्या बाकावर मिसेस एल्सी बसायच्या, त्यांना ऐकू यायचं. बाकी गावाला नुसती शांतता. लोकांनी तिला नावही दिलं होतं, एल्सींची गप्प. ती गप्प संपल्याशिवाय व्हिकर तोंड उघडत नसत. नवीन व्हिकर आला की चर्चचे कारभारी त्याला वेदी, कपाटांच्या किल्ल्या आणि एल्सींची गप्प अशा तीन गोष्टी समजावून सांगायचे.

१९५८च्या मार्चमध्ये मिस्टर एल्सी छातीच्या सर्दीने गेले. बासष्ट वर्षांचे होते. मी त्या बाकावर मधोमध सरकले आणि तिथेच राहिले. स्पष्टच सांगते, मला ते फार आवडायचे. कशा तऱ्हेने आवडायचे याचा मी तेव्हा विचार केला नाही आणि आता करून उपयोग नाही. त्यांनी शिकवलं तसं मी वाजवत राहिले. मुक्या पट्टीवर दर रविवारी पाय ठेवला, पूर्ण वेळ दाबला, मग उचलला. गुणगुणले मात्र नाही. बाईच्या गळ्यात तो खर्ज कुठून येणार, आणि आला असता तरी ते मला शोभलं नसतं.

पहिल्या बाकावर मिसेस एल्सी येतच राहिल्या. त्यांचं नाव मॉड, पण त्यांना मॉड म्हणणारं कुणी आता जिवंत नव्हतं. प्रार्थना संपली की माझ्यापाशी येऊन एकच वाक्य बोलायच्या. "आज मधे घाई झाली." किंवा, "डावा हात झोपला होता का गं?" एकोणतीस वर्षांत एकदाही छान म्हणाल्या नाहीत. ज्या रविवारी काहीच न बोलता निघून जायच्या, त्या दिवशी मी समजायचे की बरं वाजलं.

तर १९८७ साली ऑर्गनची दुरुस्ती झाली. पैसे जमवायला सगळ्या गावाने मुरंबे विकले, जुने कपडे विकले, दोन पोरी पैज लावून लिंकनपर्यंत उलट्या पावलांनी चालत गेल्या, ते सगळं सांगत बसत नाही. वसंतात मिस्टर हॅकेट नावाचे कारागीर आले आणि एकेक नळी उतरवून घेऊन गेले. ऑगस्टच्या शेवटी परत आले तेव्हा ती लाकडी नळी कुशीत धरल्यासारखी आणली. नवीन लाकूड सांधलं होतं, आतून सरस फिरवला होता.

"दाबा, बाई," ते नळीमागून ओरडले.

मी दाबली. तो आवाज मी कसा सांगू? कानाला कमी आणि बाकाला जास्त कळला. चर्चच्या खिडकीतली एक सैल काच किणकिणली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी हॅकेटना सांगितलं की धूळ फार उडाली आहे.

"साठेक वर्षांनी बोलली म्हातारी," हॅकेट म्हणाले. "आतून काय निघालं सांगू? पोतं. त्याच्यावर लिहिलंय, कांद्याचं बी, पहिला दर्जा."

त्याच आठवड्यात मिसेस एल्सींनी मला चहाला बोलावलं. हे कधी होत नसे. तेव्हा त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या, पण किटली दुसऱ्याला उचलू द्यायच्या नाहीत. टेबलावर मनुक्यांचा पाव होता, चीज होतं. मी दोन घास खाल्ले तेव्हा त्या म्हणाल्या,

"ती नळी नीट झाली असं ऐकलं."

"हो. फार सुंदर वाजते. रविवारी आर्चडीकन साहेब येणार आहेत आशीर्वाद द्यायला, तेव्हा ऐकालच तुम्ही."

"ऐकायची नाही मला."

मी पाव खाली ठेवला.

"रविवारी तुकडा वाजव," त्या म्हणाल्या. "पण ती नळी नको. शेवट होता तसाच ठेव."

"मिसेस एल्सी, त्यांनी तो सूर लिहिलाय. सत्तावीस वर्षं दाबला त्यांनी. किती इच्छा होती त्यांना..."

"त्याची इच्छा मला तू सांगणार?"

त्यांनी माझ्या कपात न विचारता चहा ओतला.

"ऑब्री घरात गात नसे," त्या म्हणाल्या. "आंघोळ करतानासुद्धा नाही. माझा आवाज चिमण्या उडवायला चांगला, म्हणायचा. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, संगीतातला माणूस आहे, घरात काही ऐकू येईल. काही नाही. बोलायचा तोसुद्धा वाटाण्याबद्दल. फक्त तेवढंच, रविवारी, त्या दोन मात्रांत. माझ्यासाठी नव्हतं ते, मला माहीत आहे. नळीची उणीव भरून काढत होता. पण ऐकणारी मी होते."

मीही होते, हे मी बोलले नाही.

"तो गेल्यावर मला वाटलं, आता ती जागा रिकामी वाटेल. नाही वाटली. तू हात उचलतेस आणि तो तिथे असतो. दर रविवारी, दोन मात्रा. त्या जागेत तुम्ही एवढी मोठी लाकडाची नळी आणून उभी केलीत, तर तो कुठे जाईल?"

माझ्याकडेही एक बाजू होती. त्या माणसाने मेहनतीने लिहिलेला सूर एकदा तरी वाजावा, आणि तो मी वाजवावा, असं मला मनापासून वाटत होतं. नळी परत आल्यापासून मी दुसरा विचार केला नव्हता. पण समोर अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई बसली होती आणि तिच्याकडे त्या दोन मात्रांशिवाय नवऱ्याचं काही उरलं नव्हतं.

"नाही वाजवणार," मी म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

"खा मग. पाव उरला तर मला आठवडाभर तोच खावा लागतो."

दिलेला शब्द पाळणं सोपं असतं, असं मला वाटलं होतं. एक सूर वाजवायचा नाही, यात काय कठीण? सोमवारी संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन बसले, तुकडा वाजवला, आणि शेवटच्या ओळीत माझा पाय आपण होऊन डीवर गेला. नळी बोलली. मंगळवारी तेच. एकोणतीस वर्षं मी त्या पायाला शिकवलं होतं की तिसरी मात्रा आली की जा, आणि तो शहाण्यासारखा जात होता. मुकी पट्टी दाबायची सवय जडलेली माणसं जगात किती असतील मला माहीत नाही, पण त्या आठवड्यात मला माझीच पंचाईत झाली.

हॅकेट शेवटचे सूर लावायला येत होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"ती एक नळी रविवारपुरती बंद करता येईल का?"

"कुठली? बोलणारी म्हातारी?" त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, साडेतीन महिने मी तिच्यावर काढलेत. बायकोशी तेवढा बोललो नाही."

"एकच रविवार."

"पायाची खुंटीच ओढू नका मग."

"मग सगळाच खर्ज जाईल. पायाला नळ्यांची रांग एकच आहे, तुम्हालाही ठाऊक आहे."

"तर मग पाय आवरा," हॅकेट म्हणाले आणि शिडी चढून गेले.

मी पाय आवरला. बुधवारपासून शनिवारपर्यंत दर संध्याकाळी शेवटची ओळ वीस-वीस वेळा वाजवली. तिसरी मात्रा आली की डावी टाच बाकाच्या आडव्या दांडीला अडकवून ठेवायची. बासष्टाव्या वर्षी बाईने काय काय करावं. पण शनिवारपर्यंत जमलं. ओळीने वीस वेळा जमलं, एकदाही चुकलं नाही. मी घरी जाऊन निवांत झोपले.

रविवारी चर्च भरलं. एरवी नाताळालाच दिसणारी माणसं आली होती. व्हिकरांचे वरिष्ठ धर्माधिकारी आर्चडीकन साहेब, त्यांच्या मागे आमचे नवे व्हिकर पिकवर्थ, गिटार वाजवणारे, पण मनाने चांगले. मिसेस एल्सी निळी टोपी घालून पहिल्या बाकावर. घंटा थांबली. मी सुरू केलं.

चांगलं वाजलं, हे मीच सांगते. नव्या नळ्यांमुळे डाव्या हातातली चाल अशी आली की मला मिस्टर एल्सींचा दुकानातला वास आला, तागाचा आणि कोरड्या मातीचा. मध्यावर झडपा उघडल्या तेव्हा मागच्या रांगांतली कुजबुजही थांबली. मग तुकडा नेहमीसारखा संकोचला, मागे आला. शेवटची ओळ. हात डी मेजरवर आले. माझ्या मनात सूचना तयार होती, टाच मागे, टाच मागे.

आणि मी आरशात पाहिलं.

ऑर्गनवर बसणाऱ्याची वेदीकडे पाठ असते. व्हिकर जागेवर आले की नाही हे बघायला आमच्या डोक्यावर एक छोटा आरसा असतो, आणि शेवटच्या चार मात्रांत त्यात बघायचंच असतं. आठवडाभर सराव केला, पण रिकाम्या चर्चमध्ये आरशात कोण बघतं? एकोणतीस वर्षं माझी नजर आरशात गेली की त्याच क्षणी पाय डीवर जात आला होता. नजर गेली. आर्चडीकन जागेवर होते. आणि पाय गेला.

हात उचलले गेले आणि तो डी एकटा उरला. दगडी जमिनीतून, बाकांतून, लोकांच्या बुटांतून तो गेला असणार. सैल काच किणकिणली. पाय उचलावा हेसुद्धा मला सुचलं नाही, कारण तो पाय पूर्ण वेळ दाबायला शिकलेला होता. दोन मात्रा. मग उचलला.

आरशात मला मिसेस एल्सी दिसत होत्या. त्या हललेल्या नव्हत्या. त्यांनी एक हात समोरच्या लाकडावर ठेवला होता आणि त्या माझ्याकडे नाही, वर नळ्यांकडे बघत होत्या.

पुढची प्रार्थना मी कशी वाजवली, मला आठवत नाही. संपल्यावर आर्चडीकन येऊन म्हणाले, "मिस टनार्ड, तो शेवटचा सूर! पोटात गेला अगदी." पिकवर्थ म्हणाले, "एल्सींची गप्प गेली की हो." मी बघितलं तर पहिला बाक रिकामा होता. मागे हॉलमध्ये सगळ्यांसाठी चहा होता, तिथेही त्या नव्हत्या.

दुपारी मी त्यांच्या दाराशी गेले. चर्चपासून त्यांचं घर पाच मिनिटांवर, मी पंधरा मिनिटं लावली. मनात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य फाटत होतं. एका बाईच्या नवऱ्याला मी दोन मात्रांत घालवून आले होते. त्याला काय माफी असते?

दार त्यांनीच उघडलं.

"मिसेस एल्सी, मी मुद्दाम नाही..."

"पाय गेला तुझा. मी आंधळी नाही. आत ये, वारा येतोय."

त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. पाव अजून तोच होता. त्या समोर बसल्या. मी वाट बघत होते की आता रडतील, किंवा मला घालवून देतील.

"एव्हिस," त्यांनी मला नावाने हाक मारली. "ऑब्री बेसूर होता."

मी खुर्ची पुढे ओढली.

"मला वाटत होतं, तो डी काढायचा. सत्तावीस वर्षं कानांनी ऐकला, एकोणतीस वर्षं मनात. आज ती नळी वाजली आणि मी म्हटलं, हे काय, हा तर कुठला चढा सूर आहे. मग लक्षात आलं. नळी बरोबर आहे. तो खाली होता." त्या पुढे झुकल्या. "होता ना?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं.

"होता," मी म्हणाले.

"किती?"

"अर्धा सूर. सर्दी असली की थोडा जास्त."

"आणि तुला ठाऊक होतं."

"हातभर अंतरावर बसत होते मी."

"नऊ वर्षं बसलीस आणि बोलली नाहीस."

"कोण बोलणार, मिसेस एल्सी? सगळ्या गावाच्या चुका काढणारा माणूस."

"हो गं. त्या बिचाऱ्या मिस फॅरोला गाणाऱ्यांतून काढलं त्याने. सुरातून उतरते म्हणून." आणि त्या हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. टेबलाला धरून हसल्या, टोपी तिरकी झाली, मग मीही हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि हसणं कुठे संपलं ते काही मला कळलं नाही. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मी घाबरले होते," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "की खरा सूर आला की त्याचा पुसला जाईल. पण तसं झालं नाही. आजपर्यंत मला वाटायचं, तो डी आहे, कुणाचाही असू शकतो. तो डी नव्हताच. तसला सूर दुसऱ्या कुणाकडे नाही." त्यांनी डोळे पुसले. "थांब. असा होता ना?"

त्यांनी तोंड मिटलं, हनुवटी गळ्यात खुपसली आणि एक बारीक, कापरा सूर काढला. अर्थात बराच वरच्या सप्तकात, म्हाताऱ्या बाईचा. माझ्या कानात सकाळपासून खरा डी घुमत होता, त्यामुळे मला लगेच कळलं.

"आणखी थोडा खाली," मी म्हणाले.

त्या खाली आल्या.

"अजून किंचित."

अजून किंचित आल्या, आणि त्या स्वयंपाकघरात माझ्या शेजारी बाकावर बसलेले मिस्टर एल्सी मला स्पष्ट ऐकू आले.

"हा," मी म्हणाले.

त्यांनी तो पूर्ण दोन मात्रा धरला, मग सोडला. मी विचारलं, पुढच्या रविवारी काय करू, पाय आवरू का?

"लिहिलंय ते वाजव," मिसेस एल्सी म्हणाल्या. "चुकलेला माझा आहे."